सर्जी विनोग्रॅड्स्की

बांधावर पडलेला उसाचा पाला आणि ज्वारीचीं धसकटें दोन पावसाळ्यांत दिसेनाशीं होतात. तीं खातो कोण, हा प्रश्न नाशिककडच्या शेतकऱ्याच्या मुलास पडावयासच हवा. वनस्पतींचा सांगाडा सेल्युलोज नांवाच्या चिवट द्रव्याचा असतो. तें फोडणाऱ्या सूक्ष्म जंतूंस नांवगांव देणाऱ्यांपैकीं विनोग्रॅड्स्की हा एक होय.

त्याचा जन्म १८५६ सालीं कीव्ह येथें सधन कुळांत झाला. कांहीं काळ तो पियानो शिकला; अखेर सृष्टिविज्ञानांत त्याचें मन रमलें.

जंतूंस ठराविक जाती नसतातच, एकच जंतु परिस्थितीप्रमाणें रूपें पालटतो, असें तेव्हां कित्येक विद्वान् मानीत. तें खरें ठरतें, तर अमुक रोग अमुक जंतूमुळें होतो हें म्हणणेंही फोल झालें असतें! स्ट्रासबर्ग येथें विनोग्रॅड्स्कीनें गंधकाच्या पाण्यांतील बेगियाटोआ जंतूचे तेच ते तंतु दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळले. ते बेगियाटोआच राहिले.

पाश्चरनें त्यास पॅरिसला बोलाविलें होतें, परंतु १८९१ मध्यें तो सेंट पीटर्सबर्गलाच गेला. तेथें हवेवांचून जगून नत्रवायु बांधणारा जंतु त्यानें शोधिला व त्यास पाश्चरचेंच नांव दिलें. त्याचा शिष्य ओमेलियान्स्की ह्यानें हवेवांचून सेल्युलोज कुजविणाऱ्या जंतूंचे दोन प्रकार पाडले: एक हायड्रोजन सोडणारा, दुसरा मिथेन. ही विभागणी पुढें टिकली नाहीं. मिथेन करणारे जीव निराळेच निघाले. तथापि मार्ग त्यानेंच पाडला, हें विसरूं नये.

१९१७ च्या राज्यक्रांतींत विनोग्रॅड्स्कीची जमीनजायदाद गेली व त्यास देश सोडावा लागला. १९२२ सालीं, सहासष्टाव्या वर्षीं, तो पाश्चर संस्थेंत दाखल झाला आणि पॅरिसजवळील एका खेड्यांत त्यानें पुनः प्रयोगशाळा मांडली. सिलिकाच्या जेलीवर गाळणकागद पसरून त्यावर तो मातीचे कण ठेवी. कागद खाणारे तेवढेच जंतु वाढत. इंग्लंडांत हचिन्सन व क्लेटन ह्यांनीं १९१९ मध्यें असा एक जंतु नागमोडी जंतूंच्या वर्गांत घातला होता. विनोग्रॅड्स्कीनें १९२९ मध्यें तो तेथून काढून सायटोफागा ही नवी प्रजाति स्थापिली. जातीस मात्र हचिन्सनचेंच नांव ठेविलें. हा जंतु हवेंत वाढणारा, ओमेलियान्स्कीचे हवेवांचून. काम एकच, कुळें भिन्न!

१९५३ सालीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, तो निवर्तला. त्याच्या नांवाची बरणी मात्र शाळाशाळांतून दिसते. गोदावरीकांठचा चिखल, कागदाचे कपटे, थोडा खडू व जिप्सम उभ्या कांचपात्रांत भरून वर पाणी घालावें आणि तें उजेडांत ठेवावें. कांहीं आठवड्यांनीं तळाशीं काळा, त्यावर हिरवा व जांभळा असे थर दिसूं लागतात, आणि कागद हळूहळू नाहींसा होतो.