गेऑर्ग झिमोन ओहम

गेऑर्ग झिमोन ओहम (जन्म : एर्लांगेन, १६ मार्च १७८९, मृत्यू : म्युनिक, ६ जुलै १८५४) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा यांचा संबंध सांगणारा ओहमचा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. विद्युतरोधाच्या एककालाही त्यांचेच नाव आहे. जर्मन उच्चार ‘ओम’ असा असला तरी मराठी पाठ्यपुस्तकांत ‘ओहम’ हेच लेखन रूढ आहे.

बालपण आणि शिक्षण

ओहम यांचे वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे बनवणारे कारागीर होते. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते; तरीही त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित व विज्ञान आत्मसात केले आणि मुलांना घरीच शिकवले. सात भावंडांपैकी तिघेच जगली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपास आला. गेऑर्ग दहा वर्षांचे असताना आईचे निधन झाले.

१८०५ मध्ये त्यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड्स यांत त्यांचा वेळ अधिक जाऊ लागल्याने वडील संतापले आणि तीन सत्रांनंतर त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवत आणि नंतर नोएशातेल येथे खाजगी शिकवण्या करत त्यांनी स्वतःच पुढील अभ्यास केला. १८११ मध्ये एर्लांगेनला परतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठातील पगारावर निर्वाह होत नसल्याने १८१३ मध्ये त्यांनी बाम्बेर्ग येथे शाळेतील नोकरी पत्करली.

कोलोन येथील प्रयोग

१८१७ मध्ये ओहम कोलोन येथील जेझुइट जिम्नॅशियममध्ये गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती, आणि कुलूपकाराच्या मुलाला हातांचे कसबही होते. लागणारी उपकरणे ते बऱ्याच अंशी स्वतः बनवत.

तारेची लांबी वाढवली की विद्युतधारेचा चुंबकीय परिणाम किती घटतो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या निबंधात त्यांनी या दोहोंमध्ये लॉगॅरिदमचा संबंध मांडला. तो चुकीचा होता. दोष मुख्यतः विद्युतघटाचा होता : मंडल पूर्ण होताच घटाचा जोर बदलू लागे, त्यामुळे आधीच्या व नंतरच्या मोजमापांची तुलनाच होऊ शकत नसे. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडोर्फ यांनी घटाऐवजी तापविद्युत युग्म वापरण्याची सूचना केली आणि तीच निर्णायक ठरली. ओहम यांनी तांबे व बिस्मथ यांचे युग्म घेऊन त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने स्थिर असल्याने विद्युतप्रेरणाही स्थिर राहिली. २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने त्यांनी धारा मोजली.

१८२६ मध्ये मिळालेला निष्कर्ष सोपा होता. एका स्थिर संख्येला तारेची लांबी आणि दुसरी एक स्थिर संख्या यांच्या बेरजेने भागले की धारा मिळते. पहिली संख्या युग्माच्या प्रेरणेवर, तर दुसरी मंडलाच्या उरलेल्या भागाच्या रोधावर अवलंबून असते.

नियम आणि त्याचा वापर

तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना धातूच्या वाहकातील धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते. म्हणून व्होल्टमधील विभवांतराला अँपिअरमधील धारेने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. शक्तीचे सूत्र मात्र ओहम यांचे नव्हे. धारेमुळे निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवले. दोन्ही नियम एकत्र केले की विभवांतर व धारा यांचा गुणाकार म्हणजे वॅटमधील शक्ती, असे निघते. २३० व्होल्टवर ४ अँपिअर धारा घेणाऱ्या शेगडीचा रोध ५७.५ ओहम आणि शक्ती ९२० वॅट असते. धारेचा वर्ग १६ घेऊन त्याला रोधाने गुणले तरी ९२० च येतात.

तापमानाची अट दुर्लक्षून चालत नाही. २३० व्होल्टच्या १०० वॅट तंतुदिव्याचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम भरतो, पण थंड असताना त्याच्या सुमारे दहावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो.

उपेक्षा आणि मान्यता

अर्ध्या पगाराची रजा घेऊन ओहम बर्लिनला गेले आणि १८२७ मध्ये गॅल्व्हानिक मंडलाच्या गणिती विवेचनाचा त्यांचा ग्रंथ तेथे प्रसिद्ध झाला. त्याच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. गणिती मांडणी अनेक समकालीनांना रुचली नाही. पोल यांनी तर कठोर टीका केली. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या अध्यापनावर काढली. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना जागा मिळाली.

दरम्यान फेश्नर यांच्या प्रयोगांनी नियमाला दुजोरा मिळाला होता. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. मायदेशातील मोठा सन्मान त्यानंतरचा. म्युनिक विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांना १८५२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या केवळ दोन वर्षे आधी मिळाले. ते अविवाहित होते.

हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध १७८१ मध्ये आढळला होता; परंतु त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. त्यांची टिपणे मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रकाशात आणली. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले. त्याच्या व्यस्त राशीचे, म्हणजे वाहकतेचे एकक पूर्वी हेच नाव इंग्रजीत उलटे वाचून ‘म्हो’ असे म्हटले जाई. आता त्याला सीमेन्स म्हणतात.