तराजूचा उपासक : अंतोन लव्हाझिए

आपल्या ज्ञातीतील मुलामुलींपुढे एखादा आदर्श असावा, या हेतूने या अंकात थोरांची चरित्रे देण्याची प्रथा आहे. यंदा आम्ही परदेशातील एक नाव घेत आहोत. अर्वाचीन रसायनशास्त्राचे जनक म्हणून ते विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे.

लव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे एका सधन वकिलाच्या घरी झाला. घराण्याच्या रीतीस अनुसरून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. परंतु मन रमले ते पदार्थविज्ञानात. १७६८ साली ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले.

पाणी फार काळ उकळले असता त्याची माती होते, असा त्या काळी समज होता. कारण भांड्याच्या तळाशी गाळ साचलेला दिसे. लव्हाझिए यांनी वाद घातला नाही. त्यांनी काचेचे पात्र तोलले, पाणी भरून ते बंद केले आणि १०१ दिवस तापविले. एकंदर वजनात फरक पडला नाही. रिकाम्या पात्राचे वजन मात्र घटले होते. गाळ आला होता तो काचेतून!

ज्वलनाचे कोडेही त्यांनी तराजूनेच सोडविले. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे तत्त्व निघून जाते, असे पंडित मानीत. मग जळालेल्या गंधकाचे व फॉस्फरसाचे वजन वाढते कसे? पुढे त्यांनी ५० घन इंच हवेत पारा बारा दिवस तापविला. सात-आठ घन इंच हवा नाहीशी झाली व पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली. ती भुकटी अधिक तापविताच तेवढाच वायू परत मिळाला. त्याला त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिले. हा वायू प्रीस्टले यांनी आधी मिळविला होता आणि १७७४ साली पॅरिसला येऊन त्याची हकीकत लव्हाझिए यांना सांगितलीही होती. त्याचे श्रेय लव्हाझिए यांनी मोकळ्या मनाने दिले नाही, हा दोष आम्ही झाकू इच्छित नाही.

त्यांच्या पत्नी मारी-आन यांचे ऋणही विसरता येणार नाही. विवाहसमयी अवघ्या तेरा वर्षांच्या असलेल्या या बाईंनी पुढे इंग्रजी शिकून पतीसाठी ग्रंथ भाषांतरित केले, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८९ च्या त्यांच्या ग्रंथातील उपकरणांची चित्रे स्वहस्ते काढली.

लव्हाझिए सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्तेदार मंडळीत भागीदार होते. प्रयोगांचा खर्च त्या उत्पन्नातून चाले. परंतु जनतेचा रोषही तेथेच साचत होता. राज्यक्रांतीच्या वावटळीत ८ मे १७९४ रोजी सासऱ्यांसह अन्य २७ मक्तेदारांबरोबर त्यांचा शिरच्छेद झाला. वय होते पन्नास.

त्यांचेही काही चुकले. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच असे ते मानीत. उष्णतेला त्यांनी मूलद्रव्यांत गणले. पुढच्या संशोधकांनी या चुका दुरुस्त केल्या, त्या प्रयोग व मोजमाप यांच्याच मार्गाने. गुरूचे मतही तोलून पाहावे, ही शिकवण गुरूलाही लागू पडली.

परीक्षेसाठी सूत्रे पाठ करणाऱ्या आमच्या मुलांनी या शास्त्राचा उगम घोकंपट्टीत नसून शंका घेण्यात व धीराने मोजण्यात आहे, हे ध्यानी घ्यावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांच्या प्रश्नांना उद्धटपणा समजू नये, एवढीच आमची नम्र विनंती.