डोनाल्ड हेब

माणूस शिकतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते? या प्रश्नाचा आयुष्यभर वेध घेणाऱ्या डोनाल्ड हेब यांचा जन्म २२ जुलै १९०४ रोजी कॅनडातील चेस्टर या समुद्रकाठच्या गावी झाला. आईवडील दोघेही डॉक्टर होते. हेब यांना मात्र कादंबरीकार व्हायचे होते. १९२५ मध्ये पदवी घेऊन ते शिक्षक झाले. काही काळ त्यांनी शेतावरही काम केले. पुढे मॉन्ट्रियल येथे मुख्याध्यापकाची नोकरी सांभाळून ते मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्र शिकू लागले. याच काळात कंबरेच्या सांध्याच्या क्षयाने त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळवले. परंतु त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९३६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

त्यानंतर मॉन्ट्रियलमध्ये शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांच्या रुग्णांची त्यांनी तपासणी केली. मेंदूचा काही भाग काढून टाकल्यावरही कित्येकांची बुद्धी शाबूत असल्याचे पाहून ते चकित झाले. मग ज्ञान साठते तरी कोठे?

या विचारमंथनातून १९४९ मध्ये ‘द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेविअर’ हा ग्रंथ सिद्ध झाला. एक चेतापेशी दुसरीला वारंवार चेतवू लागली, की त्यांच्यातील जोड बळकट होतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. रानातून माणसे पुनःपुन्हा चालू लागली, की पाऊलवाट रुळते, तसेच हे आहे. बळकट जोडांनी बांधलेल्या पेशींचा एक समूह बनतो आणि त्यातील थोड्या पेशी जाग्या होताच उरलेल्याही जाग्या होतात. म्हणूनच ओळखीच्या माणसाचा आवाज कानी पडताच त्याचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो.

हेब यांनी काही उंदीर घरी नेऊन मुलींकडे वाढवायला दिले. घरभर हिंडलेले हे उंदीर पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा कोडी सोडविण्यात सरस ठरले. जोड खरोखरच बळकट होतात, याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशांवरील प्रयोगांतून प्रसिद्ध केला. तो पाहण्यास हेब हयात होते. २० ऑगस्ट १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

नोकरी आणि आजारपण सोसून शिकलेल्या या शिक्षकाने सरावाचे मोल मेंदूच्या रचनेतूनच उलगडून दाखविले.