बॅरिस्टर नाथ पै आणि राजापूर मतदारसंघ

मतदारसंघ ही केवळ प्रशासकीय सोयीसाठी आखलेली सीमारेषा नसते. काही वेळा तिला स्वतःचा राजकीय स्वभाव लाभतो. कोकणातील राजापूर लोकसभा मतदारसंघ याचे उत्तम उदाहरण होय. १९५७ ते २००४ या काळात तेथे तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ चार खासदार निवडून आले. या मतदारसंघाची घडण समजून घेण्यासाठी त्याचे पहिले खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे चरित्र पाहणे उपयुक्त ठरते.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. त्यांच्या जडणघडणीत बेळगावचा वाटा मोठा होता. १९४२च्या आंदोलनात त्यांनी उडी घेतली व कारावास भोगला. पुढे इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले. युरोपातील लोकशाही समाजवादी चळवळीशी त्यांचा तेथे निकटचा संबंध आला आणि आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या मूळच्या ऑस्ट्रियाच्या. परदेशात स्थिरावणे शक्य असतानाही ते मायदेशी परतले.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते. त्या वर्षी प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै राजापुरातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग या मतदारसंघात येत असे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली याच भागातून वेगळा झाला. येथे डोंगराळ जमीन, तुटपुंजी भातशेती, मासेमारी आणि आंबा-काजूच्या बागा होत्या; मोठे कारखाने नव्हते. घरातील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि गावातील चूल त्याच्या मनिऑर्डरीवर, अशी असंख्य कुटुंबांची स्थिती होती. रेल्वे नव्हती, रस्ते अपुरे होते. अशा मतदारांनी धनाढ्य वा सत्ताधारी उमेदवाराऐवजी एका अभ्यासू विरोधकावर विश्वास टाकला आणि १९६२ व १९६७ सालीही तो कायम ठेवला.

नाथ पै यांच्या वक्तृत्वाची ख्याती सर्वदूर होती. परंतु भाषेचा अभ्यासक येथे एक विशेष नोंदवील. संसदेतील त्यांची इंग्रजी आणि गावच्या सभेतील त्यांची मराठी यांची शब्दकळा भिन्न असली, तरी विचार एकच असे. श्रोता अल्पशिक्षित आहे म्हणून विषय सोपा करण्याऐवजी तो समजावून देण्याची त्यांची रीत होती. गोवामुक्ती, सीमाप्रश्न आणि कोकण रेल्वे हे विषय त्यांनी दिल्लीत सातत्याने मांडले.

त्यांच्या संसदीय कार्यातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रसंग १९६७चा आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला, की संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. हा खटला पंजाबातील जमीनधारणेच्या कायद्यातून उद्भवला होता. एप्रिल महिन्यात नाथ पै यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे खासगी विधेयक मांडले. खोतीच्या जाचातून कायद्यानेच सुटलेल्या कुळांचा कोकण त्यांच्या मागे होता. जमीनसुधारणांचे मोल त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे.

या भूमिकेवरील आक्षेप मात्र गंभीर होता. लोकांच्या प्रतिनिधींवर मर्यादा नको, हे मान्य केले, तर उद्या एखादे उन्मत्त बहुमत नागरिकांचे हक्कच हिरावून घेणार नाही कशावरून? विधेयक संयुक्त समितीकडे गेले. पण डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते बारगळले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगाव येथे हृदयविकाराने नाथ पै यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय केवळ ४८ वर्षांचे होते.

त्यांच्या विधेयकामागील तत्त्व त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने स्वीकारले गेले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मात्र संविधानाच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. दोन वर्षांनी आणीबाणी आली आणि राजापूरचे तत्कालीन खासदार मधु दंडवते यांनाच तुरुंगात जावे लागले. नाथ पै यांची लोकनिष्ठा आणि त्यांच्या टीकाकारांची भीती, या दोन्हींत तथ्य होते, हे इतिहासाने असे दाखवून दिले.

दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा येथून निवडून आले. १९९१ साली काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी ही परंपरा खंडित केली. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू चार वेळा विजयी झाले. २००८च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ संपुष्टात आला आणि २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ अस्तित्वात आला. दरम्यान १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली होती.

नकाशावरून राजापूर मतदारसंघाचे नाव पुसले गेले आहे. तथापि लोकांनी निवडलेल्या संसदेचा अधिकार कोठे थांबावा, हा त्याच्या पहिल्या खासदाराने ऐरणीवर आणलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही. आपल्या मतदारसंघाचा इतिहास अभ्यासताना तेथील प्रतिनिधींनी कोणते प्रश्न संसदेत नेले, याचाही शोध विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावा.