पूज्य मॅट टॅल्बट यांचा नित्यनेम

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी थोर रक्तसाक्ष्यांची व धर्माचार्यांची चरित्रे वाचकांपुढे ठेवण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आयर्लंडमधील एका मजुराचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. रोजची प्रार्थना चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी मोडते, ही तक्रार पुरुषमंडळींच्या तोंडून आमच्या कानी वारंवार येते. त्यांस हा मनुष्य परका वाटणार नाही.

मॅट टॅल्बट याचा जन्म डब्लिन शहरी २ मे १८५६ रोजी झाला. बारा भावंडांत तो दुसरा. शाळेशी त्याचा संबंध जेमतेमच आला. बाराव्या वर्षी तो एका मद्यविक्रेत्याकडे कामास लागला आणि वर्ष लोटते न लोटते तोच त्यास दारूची चटक लागली. पुढील पंधरा वर्षांची हकीकत लांबविण्यात अर्थ नाही. मिळेल ती मजुरी गुत्त्यात जाई. पैसे सरले म्हणजे पायांतील बूट गहाण पडत. एकदा तर त्याने व त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचे वाद्यच चोरून विकले आणि ती रक्कम दारूत घालविली.

१८८४ सालच्या एका शनिवारी तो गुत्त्याबाहेर उभा होता. आठवडाभर काम नव्हते, म्हणून हाती मजुरीही नव्हती. ज्यांस त्याने आजवर सढळ हाताने पाजले, ते सोबती पगार घेऊन त्याच्या समोरून गेले; एकानेही त्यास आत बोलाविले नाही. ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली. तो घरी परतला, आईस आपला निश्चय सांगितला आणि क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेजात जाऊन त्याने पापनिवेदन केले व दारू सोडण्याची शपथ घेतली. ती शपथ अवघ्या तीन महिन्यांची होती!

आमच्या मते या चरित्राचे मर्म या तीन महिन्यांत आहे. आजन्म व्रताची भाषा त्याने केली नाही. इतकेच नव्हे, तर मुदत संपली की आपण पुन्हा पिणार, असे तो त्या दिवसांत आईजवळ बोलून दाखवी. मुदत संपली, त्याने नवी मुदत घेतली, आणि अखेरीस आजन्म शपथ घेतली.

पण शपथ घेतली म्हणून संध्याकाळ सरत नाही. काम सुटल्यावर गुत्त्यात जावयाचे नाही, तर जावे कोठे? मॅट दूरदूरच्या देवळांची वाट धरी व निजण्याची वेळ होईतो तेथेच गुडघे टेकून राही. एके दिवशी खिशात पैसे असता मोह अनावर होऊन तो गुत्त्यात शिरलाही. परंतु नोकर गर्दीत गुंतलेला, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि तो तसाच बाहेर पडला. त्या दिवसापासून खिशात पैसा म्हणून ठेवावयाचा नाही, असा त्याने नेम केला. आपल्या मनाच्या बळावर तो कधीच विसंबला नाही.

पहाटे पाचची मिस्सा त्याने कधी चुकविली नाही. पुढे, १८९२च्या सुमारास, त्या देवळातील मिस्सेची वेळ सव्वासहाची झाली. तेव्हा ती कामाच्या वेळेच्या आड येऊ लागली. मॅटने काम सोडले आणि जेथे काम आठ वाजता सुरू होई अशी लाकडाच्या वखारीतील जागा पत्करली! मिस्सेसाठी मजुरीची जागा बदलणारे आम्ही फार थोडे पाहिले आहेत. वखारीतही सुटीच्या वेळी तो लाकडांच्या थप्प्यांआड प्रार्थना करी.

जुनी देणी त्याने हळूहळू फेडली. फिडलवाल्याचा मात्र पुष्कळ शोध करूनही पत्ता लागला नाही. तेव्हा त्या पैशातून त्याने त्याच्यासाठी मिस्सा सांगितल्या. १८९० मध्ये तो संत फ्रान्सिस यांच्या तृतीय संघात दाखल झाला. ज्यास धड वाचता येत नव्हते, तो संत ऑगस्टीन यांचे आत्मनिवेदन एकेक ओळ करून वाची, आणि शब्द अडला म्हणजे धर्मगुरूंस विचारी.

तो फळीवर निजे, डोक्याखाली लाकडाचा ठोकळा घेई, रात्री दोनच्या सुमारास प्रार्थनेस उठे. मृत्यूनंतर त्याच्या देहावर साखळ्या आढळल्या व जगभर त्यांचीच चर्चा झाली. या देहदंडाचे अनुकरण कोणी आपल्या मनाने करू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. रिकाम्या खिशाचे अनुकरण मात्र कोणासही करता येईल.

७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेस जात असता ग्रॅनबी लेन या गल्लीत तो कोसळला व तेथेच त्याने प्राण सोडला. त्या वेळी तो कोण, हे गल्लीतील कोणासही ठाऊक नव्हते. १९७५ साली परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी त्यास पूज्य म्हणून घोषित केले, आणि डब्लिनमधील लिफी नदीवरील एका पुलास आज या मजुराचे नाव आहे.