जेआरडींचं विमान आणि आपला डोंगर

मित्रहो, आणि आजही ज्यांच्यासमोर बसताना पाठ आपोआप ताठ होते अशा माझ्या गुरुजनांनो,

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहा, असा निरोप आला. जुन्नरचा माणूस शिवनेरीवरच लिहिणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी मात्र जे. आर. डी. टाटांवर लिहितोय, आणि त्याला निमित्त आहे आपल्याच भागातला एक डोंगर.

७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलितालियाचं डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे, ९४ जण, गेले. आपण तेव्हा तिसरी-चौथीत होतो. मोठी माणसं पावसात चिखल तुडवत तिकडे गेली आणि परतल्यावर कितीतरी दिवस गप्प होती. पुढे हायस्कूलमध्ये भूगोलाच्या सरांनी फळ्यावर डोंगर काढून सांगितलं की विमान बिघडलं नव्हतं. आपण मुंबईच्या जवळ आलो, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने विमान लवकर खाली आणलं. तेवढ्या एका चुकीच्या अंदाजाने घात केला.

हे डोक्यात असतानाच जेआरडींचं चरित्र माझ्या हाती पडलं.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांच्या घराशेजारीच विमानविद्येतले नामवंत ब्लेरिओ यांचं घर होतं. वाळूत उतरणारी विमानं पाहून या मुलाला जे वेड लागलं, ते जन्मभर टिकलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच, क्रमांक १.

१९३० मध्ये आगाखानांनी जाहीर केलेली भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याची शर्यत झाली. जेआरडी आपलं छोटं जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले, तर अॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून उलट दिशेने. इजिप्तमध्ये अॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अॅस्पी शर्यत जिंकला, जेआरडी थोडक्यात मागे राहिले. त्यांच्या दिलदारपणाचं कौतुक सगळेच करतात. मला कौतुक वाटतं ते त्या जादा प्लगांचं. एवढ्याशा विमानात एकेक शेर वजन मोजावं लागतं, तरी त्यांनी ते बरोबर घेतले होते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते पस मॉथमधून कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोल आलं बैलगाडीतून. रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरायचं, तेव्हा सगळा पसारा पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलायचा. म्हणजे भारतीय विमानसेवेने आपल्या जिल्ह्याचंही मीठ खाल्लं आहे. तशा दिवसांतही टपाल वेळेवर पोचल्याची नोंद सरकारी अहवालात झाली. पुढे १९४८ मध्ये मुंबई-लंडन सेवा सुरू झाली, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

विमानाने त्यांच्याकडून किंमतही वसूल केली. त्यांचा धाकटा भाऊ विमान अपघातातच गेला. तरी त्यांनी उडणं सोडलं नाही आणि काळजी घेणंही सोडलं नाही.

याचा अर्थ मला हडपसरला कळला. नोकरी लागल्यावर मी तिथे ग्लायडिंग शिकायला जात असे. एकदा एअरब्रेकचा दांडा नीट बंद आहे की नाही, हे न बघताच मी तयार असल्याची खूण केली. रोजचंच तर आहे, असं वाटलं होतं. प्रशिक्षकांनी ते पाहिलं, मला खाली उतरवलं आणि दिवसभर कडेला बसवून ठेवलं. तेव्हा भयंकर राग आला होता. रात्री मात्र डोळ्यांपुढे आपला डोंगर उभा राहिला. त्या वैमानिकालाही सगळं रोजचंच वाटलं असेल का?

छोटं विमान बाळगणं म्हणजे बैलजोडी बाळगण्यासारखं आहे. नुसतं जुंपून भागत नाही, रोज अंगावरून हात फिरवून कुठे दुखतंय ते पाहावं लागतं. इंधन स्वतः मोजायचं, हवा बघायची, आणि आपण नक्की कुठे आहोत हे कळल्याशिवाय उंची सोडायची नाही. ढग दाटले तर परत फिरायचं, त्यात कमीपणा नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते गेले, अंथरुणावर. त्रेसष्ट वर्षांपूर्वी एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्या वैमानिकासाठी ही साधी गोष्ट नाही.

मी पुढे थोडंच उडलो. पण गाडी काढण्यापूर्वी आजही तिच्याभोवती एक चक्कर मारतो. नातवंडं हसतात. हसू देत. फळ्यावर डोंगर काढणाऱ्या सरांना आणि मला खाली उतरवणाऱ्या प्रशिक्षकांना हा माझा नमस्कार.