धन्यवादित निकोलस स्टेनो : शार्कचे दात ओळखणारे बिशप

५ डिसेंबर हा धन्यवादित निकोलस स्टेनो यांचा सण. त्यानिमित्त त्यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एका लुथरन सोनाराच्या घरी झाला. वैद्यकशास्त्र शिकताना त्यांनी गालातील लाळेची नलिका शोधली. तिला आजही त्यांचे नाव आहे. पुढे ते इटलीत फ्लॉरेन्सला आले.

माल्टा बेटावर संत पौलाच्या हाताला साप झोंबला, तरी त्याला इजा झाली नाही, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय २८) वाचतो. त्या बेटावर जमिनीत चकचकीत त्रिकोणी दगड सापडत. ते दगड झालेल्या सापाच्या जिभा समजून लोक विषावर उतारा म्हणून बाळगत.

१६६६ साली लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचे डोके तपासणीसाठी स्टेनो यांच्याकडे आले. त्याचे दात आणि ते दगड हुबेहूब जुळत होते. खडकातच वाढले असते, तर दगड वेडेवाकडे झाले असते. म्हणून ते शार्कचेच दात असून समुद्राच्या गाळात पुरले गेले, असे स्टेनो यांनी दाखवून दिले. पूर्वीही काहींनी हे म्हटले होते. स्टेनो यांनी कारणे दिली. खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियमही त्यांनी १६६९ साली मांडला. आपल्या सिन्नरचा खडक लाव्हाचा, त्यात शार्कचे दात मिळायचे नाहीत. पण आपल्या डोंगरांचे थर याच नियमाने वाचतात.

१६६६ सालीच लिव्होर्नोत ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून त्यांच्या मनात श्रद्धेविषयी प्रश्न उभा राहिला. दगडाप्रमाणेच त्यांनी तोही नीट तपासला आणि १६६७ साली ते कॅथलिक झाले. १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप होऊन ते उत्तर जर्मनीत गेले. गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपपदाची अंगठीही विकली. म्युन्स्टर येथे बिशपच्या निवडणुकीत पैसा चालला, तेव्हा १६८३ साली त्यांनी निषेध म्हणून ते शहर सोडले. ५ डिसेंबर १६८६ रोजी श्वेरिन येथे ४८व्या वर्षी ते देवाघरी गेले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

विज्ञान शिकल्याने श्रद्धा जाईल, अशी भीती आपल्यापैकी काही पालकांना वाटते. स्टेनो यांनी दोन्हीकडे सत्यच शोधले आणि सापडल्यावर त्याची किंमतही मोजली. आपल्या मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

धन्यवादित निकोलस स्टेनो, आम्हासाठी विनंती कर.